चांगली कोरियन खाणावळ कशी ओळखावी

रत्नागिरी,
१९ ऑगस्ट १९८६

चि. सुनेत्रा हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. या घरातून तुला पत्रे जात ती तुझ्या आईच्या अक्षरात. ती फाल्गुनात गेली, तेव्हापासून ते काम कोणाचे हे ठरलेले नव्हते. आता मी ते करतो. मला सवय नाही, तेव्हा पत्र कोरडे वाटले तर दोष सवयीचा समजावा.

तू लिहितेस की श्री. युन यांच्या कंपनीचे बहारीनमधील बांधकाम आटोपले, डिसेंबरात तुम्ही दोघे कायमचे सेऊलला जाणार, वाटेत मुंबईस आठवडाभर थांबणार, आणि मी भेटणार आहे का. होय, भेटेन. मुंबईस येईन. तुमच्या लग्नाला तीन वर्षे झाली. त्यांना मी अद्याप पाहिलेले नाही, आणि सेऊल म्हणजे काही राजापूर नव्हे की पुढच्या खेपेस पाहू म्हणावे.

येथे या, असे मी लिहीत नाही. त्याचे कारण तुला ठाऊक आहे. तू परजातीतच नव्हे तर परधर्मात आणि परमुलखात लग्न केलेस तेव्हा आप्पा जे बोलले ते त्यांनी मागे घेतलेले नाही. आमची घरे दोन असली तरी विहीर एक आहे आणि कुंपण नाही. थोरल्या भावाने तोंड उघडल्याशिवाय या दोन घरांत कधी काही सुरू झालेले नाही, आणि या वयात मी नवा पायंडा पाडणार नाही. शिवाय मुंबई तुम्हांलाही सोयीची. मी दादरला श्यामकडे उतरेन. आप्पांचा मुलगा असला तरी त्याला या गोष्टींचे काही वाटत नाही.

भेटायचे तर कोठे, हा प्रश्न उरतो. तुझ्या पत्रात एक वाक्य आहे : 'ते कुठल्याही गावी गेले की आधी चांगली कोरियन खाणावळ शोधतात, मुंबईत मिळेल का?' हे वाक्य मी दोनदा वाचले. मी जन्मभर कॉलेजात भूगोल शिकविला. कोरियाला दर वर्षी एक तास देत असे : अडतिसावे अक्षवृत्त, भात, रेशीम, टंगस्टन. ते लोक दुपारी काय जेवतात, हे एकाही विद्यार्थ्याने विचारले नाही. आणि खेदाची गोष्ट अशी की मलाही कधी सुचले नाही.

तेव्हा कळवावे : कोरियन खाणावळ चांगली की वाईट हे कशावरून ओळखतात? ती चिनी खाणावळीहून वेगळी कशी? श्री. युन मासे खातात काय? 'युन' हे आडनाव असून ते नावाच्या आधी येते, अशी माझी समजूत आहे. ती बरोबर आहे का?

दमयंतीवहिनी माझा रात्रीचा डबा देतात. त्यांना हा बेत सांगितला, तर म्हणाल्या, "काय हो भावोजी, लेकीला भेटायला मुंबई गाठायची आणि तिथे तिसऱ्याच्याच हातचं जेवायचं? आमचे हात काय मोडलेत?" आप्पा ओटीवर होते म्हणून त्या हे हळू बोलल्या, म्हणजे त्यांच्या मानाने हळू.

प्रकृतीस जपावे.

चिं. रा. लोटलीकर


रत्नागिरी,
२१ सप्टेंबर १९८६

चि. सुनेत्रा हिस अनेक आशीर्वाद.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. श्री. युन यांची उत्तरे मुद्देसूद आहेत आणि मला ती आवडली. दाराशी ड्रॅगन रंगविलेला असेल तर आत पाऊल टाकू नये, हे पटले. पुण्यास एका हॉटेलाच्या भिंतीवर नारळीची झाडे काढून आत कोकणी जेवण म्हणून जे वाढले जाई, ते मी एकदा खाल्ले आहे.

परंतु खरे लक्ष वेधले ते वाट्यांनी. तू लिहितेस की मुख्य पदार्थ कोणता मागितला याला महत्त्व नाही. न मागता पाच-सहा लहान वाट्या येतात, त्यांचे वेगळे पैसे नसतात, वाटी संपली की पुन्हा भरतात, दुसऱ्यांदा भरताना जेथे मालकिणीच्या कपाळाला आठी पडते ती खाणावळ वाईट, आणि जेथे ती गिऱ्हाइकावर घरच्यासारखी ओरडते ती चांगली. हे वाचून मला आपले केळीचे पान आठवले. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे ही पानाची डावी बाजू आपण कधी मागतो का? ती असतेच. ज्या घरी डावी बाजू हात राखून वाढतात त्या घराविषयी तुझी आई काय बोलत असे, तेही तुला आठवत असेल.

परमुलखातील चांगली खाणावळ बहुधा बंदराजवळ किंवा बांधकामाजवळ, जिना चढून, पाटी नसलेल्या खोलीत सापडते, असेही ते म्हणतात. याचा मी विचार केला. पाटी अनोळखी माणसासाठी असते. घरच्या चवीला आसुसलेल्यांना ती लागत नाही. ते वासावर येतात. हे अनुमान चूक असल्यास कळवावे.

येथे मी चौकशीस आरंभ केला आहे. मिरकरवाड्याचा धोंडू मयेकर गणपतीसाठी आला होता. परदेशी मासेमारी बोटी हल्ली भाड्याने आणतात, तशा एका कोरियन बोटीवर तो मुंबईहून खलाशी म्हणून जातो. त्याला बोलावून घेतले.

"मास्तर, तुमी कोरियन जेवान खाणार?" त्याने डोक्याला हात लावला. "कोबी कुजवतात ओ ते, कोबी! बोटीवर त्येची बरणी फुटली तवा आमी चार रात्री वाऱ्याच्या अंगाला झोपलो."

"तू खातोस का?"

"मंग? आता त्येच्याशिवाय भात खाली उतरत नाय."

कोरियन भाषा आपल्याला संपूर्ण येते, असे तो म्हणाला. परीक्षा घेतली तेव्हा भात, दोरखंड आणि 'लवकर' इतके शब्द निघाले. आणखी पुष्कळ आहेत पण मास्तरांसमोर बोलण्याजोगे नाहीत, असे त्याने सांगितले. मात्र उपयोगाची माहिती त्याच्याकडे आहे. कुलाब्यास, ससून डॉकच्या आसपास, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एक कोरियन बाई त्या बोटीवाल्यांसाठी जेवण करते. पाटी नाही. मी विचारले, ती ओरडते का? "त्वांड बंद आसंल तर बाय झोपल्येली समजायची," असे त्याने उत्तर दिले. लक्षणे जुळतात. दसऱ्यानंतर मी स्वतः जाऊन खात्री करून येणार आहे. तुम्ही आल्यावर ऐन वेळी फजिती नको.

आणखी एक गोष्ट. माझे प्रश्न तुझ्यामार्फत जातात, उत्तरे तुझ्यामार्फत येतात. श्री. युन यांना इंग्रजी उत्तम येते असे तू लिहितेस. तीन वर्षांत त्यांनी मला एक ओळ लिहिलेली नाही; तुझी आई गेली तेव्हाही नाही. तक्रार करीत नाही. नोंद करतो.

चिं. रा. लोटलीकर


दादर, मुंबई,
१७ ऑक्टोबर १९८६

चि. सौ. सुनेत्रा हिस अनेक आशीर्वाद.

शोधाचा वृत्तांत तपशिलाने कळवितो, श्री. युन यांना वाचून दाखवावा आणि जेथे माझा समज चुकला असेल तेथे त्यांनी दुरुस्ती करावी.

प्रथम श्यामच्या आग्रहास्तव फोर्टमधील एका हॉटेलात गेलो. "काका, कोरियन म्हणजे चायनीजच की! कशाला त्या डॉकच्या वासात जाताय?" असे त्याचे म्हणणे. दारावर ड्रॅगन होता, एक नव्हे, दोन. मी तेथेच थांबलो, पण श्यामने दंडाला धरून आत नेले. कोरियन काय आहे असे विचारताच वेटर म्हणाला, "साहेब, तेच आहे, तिखट जास्त टाकतो." वाट्या आल्या नाहीत. एक कांदा मागितला तर त्याचा आकार बिलात लागला. श्याम मिटक्या मारीत जेवला. त्याला मी दोष देत नाही. त्याला भूक होती, मला प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी धोंडूबरोबर कुलाब्यास गेलो. जिना अंधारा, पण तिसऱ्या मजल्यावर पोचण्याआधीच तो वास आला. लसूण, तिखट, आंबट, आणि त्याच्या खाली काहीतरी खारवलेले, सुकटीच्या जवळचे. दुर्गंध म्हणता येणार नाही. तुझ्या आईने मिठाच्या पाण्यात घातलेल्या कैऱ्यांच्या बरणीचे फडके सोडले की जसा वास पहिल्यांदा अंगावर येई आणि मग हवासा वाटे, तसा. मी जिन्यात जरा थांबलो. धोंडूला वाटले मला धाप लागली.

खोली लांबट, मधोमध एकच मोठे टेबल, दहा-बारा खलाशी आणि एक कप्तान. बाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, बाह्या सारलेल्या. धोंडूने माझी ओळख करून दिली. काय सांगितले कोण जाणे, कारण सर्वजण उठून उभे राहिले आणि कमरेत वाकले. मला टेबलाच्या टोकाशी बसविले. लगेच वाट्या आल्या, न मागता. कोबीची किमची, पालकासारखी एक भाजी तीळ लावून, मोड आलेली कडधान्ये, बारीक सुकी मासळी गोडसर परतलेली, मुळ्याच्या फोडी, समुद्रातले कसलेसे काळे पान. मग प्रत्येकापुढे भाताचा वाडगा, कढणाचा वाडगा, आणि मध्ये मीठ लावून भाजलेले बांगडे. बांगडा पाहून मला फार बरे वाटले. इतक्या अनोळखी मंडळींत एक ओळखीचा भेटला.

येथून पुढे जे झाले त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

मी सवयीप्रमाणे वाडग्याभोवती पाणी फिरविले आणि चित्राहुतीची चार शिते टेबलावर ठेवली. बाई फडके घेऊन धावत आल्या आणि सगळे पुसून टाकले. म्हाताऱ्याचा हात कापला, पाणी सांडले, असे त्यांना वाटले असावे. मग मी हात मांडीवर ठेवून बसलो. आपल्यात यजमान 'सावकाश होऊ द्या' म्हणेपर्यंत पाहुणा घास उचलीत नाही. मीही त्या शब्दाची, किंवा त्यांच्याकडे जो काही शब्द असेल त्याची वाट पाहू लागलो. कोणी काही बोलेना. कप्तान माझ्याकडे पाहतो, खलाशी माझ्याकडे पाहतात, मी बाईंकडे पाहतो. कढणाची वाफ कमी होत गेली. एका तरुण खलाशाच्या पोटातून मोठा आवाज आला. तो लाजून खाली पाहू लागला.

मी धोंडूला हळूच विचारले, "हे कोणासाठी थांबलेत?"

"दारूसाठी आसतील," तो म्हणाला. मग जरा विचार करून, "नायतर तुमी मास्तर, म्हून आदी भाषान कराल आसं वाटलं आसंल त्येंना."

भाषण! मी खरोखर उठण्याच्या बेतात होतो. इतक्यात त्या बाई स्वयंपाकघरातून आल्या, माझा न उचललेला चमचा पाहिला, आणि ज्या ओरडल्या! तो चमचा त्यांनी माझ्या हातात कोंबला आणि माझी मूठ त्यावर घट्ट मिटली. कप्तान हसू दाबीत मोडक्या इंग्रजीत मला म्हणाला, "यू ओल्ड. यू फर्स्ट."

तेव्हा उलगडले. त्या टेबलावर वयाने मी सर्वांत मोठा. थोरल्याने चमचा उचलल्याशिवाय त्यांच्यात कोणी अन्नाला हात लावीत नाही. मी त्यांच्या शब्दासाठी अडलो होतो, ते माझ्या चमच्यासाठी. दोन्हीकडे सभ्यपणाची शिकस्त चाललेली, आणि मध्ये बांगडे गार पडलेले.

मी कढणाचा एक चमचा घेतला. पुढच्या क्षणी सारे टेबल तुटून पडले. असे भुरके मी आयुष्यात ऐकले नाहीत. धोंडू सर्वांत पुढे.

जेवण उत्तम होते. किमचीने डोळ्यांत पाणी आले, तरी वाटी दोनदा भरून घेतली. बाईंच्या कपाळाला आठी पडली नाही, उलट दुसऱ्या खेपेस पाठीत धपका मिळाला. गच्चीवर त्यांच्या मातीच्या बरण्या आहेत. आत डोकावण्याची परवानगी मागितली, तर झाकणावर हात आपटून त्यांनी मला हाकलले. पैसे मात्र घेतले, हे बरे झाले. डिसेंबरात मुलगी आणि जावई यांना घेऊन येतो, असे कप्तानामार्फत सांगितले. जावई तुमच्यातला आहे म्हटल्यावर त्यांनी एकच विचारले, कोणत्या गावचा? मला उत्तर देता आले नाही. तीन वर्षांत मी हे विचारलेच नव्हते. कोणत्या गावचा?

आणि दुसरे. रात्रभर एक शंका मनात घोळते आहे. श्री. युन यांनी मला कधी पत्र लिहिले नाही, ते याच कारणाने काय? स्पष्ट लिही. माझ्या मनाला बरे वाटावे म्हणून काही लिहू नकोस.

चिं. रा. लोटलीकर


रत्नागिरी,
९ नोव्हेंबर १९८६

चि. सौ. सुनेत्रा हिस अनेक आशीर्वाद.

तुझे उत्तर भाऊबीज झाल्यावर मिळाले. ते मी एकट्याने वाचले आणि मग विहिरीवर वहिनींना वाचून दाखविले. त्यांनी पोहरा तसाच आत सोडून दिला. तो अजून निघालेला नाही.

तर श्री. युन यांनी, आता सांगचोल असेच लिहितो, लग्नाच्या वर्षीच मला पत्र लिहून ठेवले होते, पण सासऱ्याने दार उघडल्याशिवाय जावयाने ते ठोठावणे हा त्यांच्याकडे उर्मटपणा. म्हणून ते टाकले नाही. तुझी आई, लीला, गेल्याची तार आली त्या रात्री त्यांनी तुझ्याशी न बोलता टेबलावर भात, मासा आणि फळे मांडली, तिचा फोटो भिंतीला टेकवून ठेवला आणि त्यापुढे दोनदा साष्टांग नमस्कार घातला. तिला त्यांनी पाहिलेही नव्हते. कोणता मासा मांडला होता, ते तू लिहिले नाहीस. मला जाणून घ्यायचे आहे. पापलेट असेल तर तिला आवडले असेल.

त्यांचे गाव दक्षिणेला, समुद्रकाठी आहे हे वाचून नकाशा काढला. येओसू सापडले. किनारा आपल्यासारखाच तुटक, खाड्याच खाड्या. मी वर्गात हा किनारा फळ्यावर काढीत असे. त्यावर माणसे राहतात हे माहीत होते. पण तेथील कोणी माझ्या पत्राची वाट पाहील, हे कसे सुचावे?

आता अडचण. धोंडू दिवाळीला आला तो बातमी घेऊन. त्या बोटींचा करार संपला, काही परत गेल्या, काही विशाखापट्टणमला. बाईही त्यांच्यामागे गेल्या. खोलीला कुलूप आहे. "आता थितं कोनतरी वकील ऱ्हायला येनार," म्हणाला. म्हणजे मुंबईतील एकमेव चांगली कोरियन खाणावळ, निदान माझ्या माहितीतील, उरलेली नाही. एखाद्या मोठ्या हॉटेलात चौकशी करावी, असे श्याम लिहितो. मी त्याला दोन ड्रॅगनांची आठवण करून दिली आहे.

तोवर मी स्वतः एक प्रयोग केला. तो सांगण्यासारखा नाही, तरी सांगतो. कप्तानाने मला किमचीची कृती साधारण समजावली होती. बाजारातून घाटावरचा कोबी आणला, मीठ लावून रात्रभर ठेवला, बेडगी मिरची, लसूण, आले आणि मूठभर जवळा वाटून चोळला, आणि बरणीचे तोंड फडक्याने न बांधता झाकण घट्ट फिरवून ठेवले, कारण वहिनींना वास जाऊ नये. कोरियात थंडी असते. रत्नागिरीत ऑक्टोबर-नोव्हेंबरची काहिली असते. भूगोलाच्या माणसाला हे सुचू नये! तिसऱ्या दिवशी दुपारी झाकण आढ्याला लागले.

आप्पा पलीकडून ओरडले, "चिंतामणी! काय मेलं रे तिकडे?"

"काही नाही आप्पा, कोबी आहे!"

"कोबीचा असा वास?"

वहिनी पदर नाकाला लावून आल्या. त्यांनी भिंतीवरचे बोटाने उचलून चाखले. मग पुन्हा चाखले. "मीठ कमी पडलंय," म्हणाल्या, "पण भातावर बरं लागेल. भावोजी, एक विचारू? ती बाई गेली, खाणावळ गेली. आता लेकीला काय फूटपाथवर भेटणार? इतकी खटपट करताय ती तिला घरी आणायला की बाहेर ठेवायला?"

मी फडके घेतले. भिंत पुसायची होती.

आप्पांशी बोलले पाहिजे. तेच थोरले. त्यांनी आरंभ केला तर सर्व सोपे होईल. मी त्यांना विचारीन.

तुझा,
बाबा


रत्नागिरी,
२७ नोव्हेंबर १९८६

चि. सौ. सुनेत्रा व चि. सांगचोल यांस अनेक आशीर्वाद.

हे पत्र दोघांना आहे. सुनेत्राने मराठी वाचून इंग्रजीत सांगावे. मी स्वतः इंग्रजीत लिहू शकलो असतो, परंतु त्या भाषेत मी केवळ अर्ज लिहिले आहेत.

काल संध्याकाळी आप्पांकडे गेलो. ते ओटीवर सुपारी कातरीत होते. वाटेत मी वाक्य जुळविले होते : 'आप्पा, आपली परवानगी असेल तर.' समोर उभा राहिलो आणि म्हणालो, "आप्पा, सुनेत्रा येते आहे."

"मुंबईला ना? ये जाऊन."

"इथे येते आहे. जावईही."

अडकित्ता थांबला. आप्पांनी जन्मभर वकिली केली. साक्षीदाराकडे पाहावे तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"हे मला विचारतो आहेस की सांगतो आहेस?"

सुनेत्रा, विचारायला गेलो होतो हे खरे. परंतु त्या क्षणी मला ती गार पडलेली कढणे दिसली. आप्पांनी चमचा उचलावा म्हणून मी थांबणार, मी उचलावा म्हणून सांगचोल थांबणार, आणि सेऊलचे विमान कोणासाठीच थांबणार नाही.

"सांगतो आहे," मी म्हणालो.

त्यांनी सुपारीचे खांड बोटांत फिरविले. मग म्हणाले, "मी पंगतीला बसणार नाही."

"तुमचं पान मांडीन."

"मांड. भात निवून जाईल."

"तुमचा निवेल. आम्ही जेवू."

असे मी आप्पांशी यापूर्वी कधी बोललो नव्हतो. माझा आवाज मला ओळखू आला नाही. आतून वहिनींचा मात्र स्पष्ट ओळखू आला : "भावोजी, मी येणार हो! यांचं जेवण मी झाकून ठेवीन, आणि त्या मुलाला म्हणावं, कोबी आमच्यावर सोपव, तुझे सासरे भिंती रंगवतात!" आप्पांनी हातातले खांड अख्खेच तोंडात टाकले. आज सकाळी विहिरीवर भेटले, बोलले नाहीत, परंतु हरवलेला पोहरा त्यांनी गळ टाकून वर काढून ठेवलेला होता. त्यातून काही अर्थ काढू नये, असे मी स्वतःला सांगतो आहे.

तेव्हा ठरले असे. मुंबईस पोचल्यावर श्याम तुम्हांला विमानतळावर भेटेल. तेथून एस.टी.च्या रातराणीने निघावे. पहाटे रत्नागिरी येते. तू मळखाऊ साडी नेस. सांगचोल यांनी डाव्या हाताची खिडकी घेऊ नये. घाटात उलटी करणारे सर्व त्याच बाजूला का बसतात, हे कोडे मला सुटलेले नाही. खोली झाडून घेतली आहे. तुझ्या आईचे कपाट मी हलविलेले नाही. ते तू आल्यावर उघडू.

सांगचोल, पुढचे तुमच्यासाठी. रत्नागिरीत कोरियन खाणावळ नाही, आणि माझ्या कोबीवरून येथे ती निघण्याची आशा धरू नये. पण वाट्या न मागता येतील, आणि वहिनी ओरडतील याची हमी मी देतो. तुमचे ते न टाकलेले पत्र अद्याप असेल तर बरोबर आणावे. भाषा कोणतीही असो, तुम्ही समोर बसून वाचावे. येओसूच्या खाड्यांत भरतीचे पाणी किती चढते? तुमच्याकडे बांगडा उन्हात वाळवितात की सावलीत? प्रश्न पुष्कळ आहेत, परंतु ते ओटीवर बसून विचारण्याचे आहेत.

एस.टी. स्टँडवर मी स्वतः येईन. पहाटे तेथे गर्दी फार असते आणि मला हल्ली लांबचे चेहरे नीट दिसत नाहीत. तेव्हा गाडीतून उतरल्यावर, तुमच्या भाषेत सासऱ्याला जी हाक मारतात ती मोठ्याने मारावी. त्या हाकेला रत्नागिरीच्या स्टँडवर दुसरा कोणी वळणार नाही.

तुमचा,
बाबा